दुखण्यावर गांजाचं तेल: खरंच गुण येतो का, कायदा काय म्हणतो, अन् सरकारनं मोकळीक द्यावी का?

पऱ्हाटी (तालुका दारव्हा)

राम राम मंडळी. विषय नाजूक आहे, म्हणून आडवळण न घेता लिहितो.

आमच्या मोठेबाबांना तोंडाचा कॅन्सर आहे. कारण खर्रा (तंबाखू-सुपारीचा), हे विदर्भात वेगळं सांगायला लागत नाही. मागच्या साली नागपूरला ऑपरेशन झालं, मग शेक (रेडिएशन) दिले. यंदा पोळ्याच्या सुमारास मानेत परत गाठ आली. दवाखान्यातून सांगितलं, "आता कापाकापीत अर्थ नाही, घरी न्या, सेवा करा." सेवा करतोच आहोत. पण ठणका लागला की माणूस रात्रभर खाटेवर बसून राहतो, दुपट्टा जबड्याला गच्च आवळून. ट्रामाडॉलचा असर तास-दीड तास टिकतो. चिठ्ठीवर दुखण्यासाठी दुसरं काही नाही.

गावात मात्र ज्याला त्याला औषध पाठ आहे: गांजा. पानठेल्यावर म्हणतात चिलीम भरून द्या. पुण्यातल्या चुलतभावानं तर इंटरनेटवरून तेलाची बाटलीच मागवली. तीस मिली, साडेतीन हजार. आधी म्हणे वैद्याची चिठ्ठी लागते. ती फोनवर मिळाली. वय विचारलं, वजन विचारलं, झालं. बाटलीवर लिहिलंय "विजया पत्र अर्क, तीळ तेल". विजया म्हणजे भांग-गांजाचंच झाड. खाली बारीक अक्षरात "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे". नशा आणणारा भाग किती, न आणणारा किती, याचा एक आकडा नाही. आमच्याकडे फवारणीच्या डब्यावर याच्यापेक्षा जास्त माहिती असते.

बाटली अजून फोडलेली नाही. गुण येतो का? पोलीस आले तर? आणि परदेशात जागोजागी परवानगी आहे म्हणतात, मग आपल्याकडे का नाही?

चिलीमबहाद्दर

काहून एवढा इचार करता भाऊ? शंकराचा परसाद हाय तो. आमचे आजे नव्वद वर्षं जगले चिलीम ओढून. डॉक्टरच्या गोळ्याईनं किडन्या जातात, झाडपाल्यानं काई होत नाई.

डॉ_झाडीपट्टी

धोतराही झाडपालाच आहे, चिलीमबहाद्दर. आज्यांना नमस्कार, पण नव्वद वर्षं जगलेलेच आपल्याला दिसतात. बाकीचे सांगायला राहिलेले नसतात.

पऱ्हाटी, मी भंडाऱ्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नावर लिहितो.

झाडात शंभराच्या वर घटक आहेत. आपल्याला दोन पुरे. टीएचसी, ज्यानं नशा येते. ते १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफेल मेकोलाम यांनी वेगळं काढलं. दुसरं सीबीडी, ज्यानं नशा येत नाही. "गांजा औषध आहे का" हा प्रश्नच ढोबळ आहे. कोणता घटक, कोणत्या आजाराला, किती मिलिग्रॅम, असं विचारावं लागतं.

केमोनं होणाऱ्या उलट्यांवर टीएचसीची गोळी अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये स्नायू आखडतात, त्यावर दोन्ही घटकांचा तोंडात मारायचा फवारा काही देशांत मिळतो. लहान मुलांच्या काही हट्टी मिरगीवर शुद्ध सीबीडीचं औषध अमेरिकेनं जून २०१८ मध्ये मान्य केलं. भक्कम म्हणावी अशी यादी एवढीच.

आता दुखणं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं मोठा आढावा घेतला आणि प्रौढांच्या जुनाट दुखण्यावर उपयोग होतो असं म्हटलं. गांजाच्या बाजूचे लोक हाच अहवाल दाखवतात. पण २०२१ मध्ये वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं पुरावे पुन्हा चाळले आणि दुखण्यासाठी याची शिफारस करायला नकार दिला. कॅन्सरच्या दुखण्यात मॉर्फिनही पुरेनासं झालेल्या रुग्णांवर तो फवारा तपासला, तेव्हा मुख्य कसोटीवर तो नकली, म्हणजे औषध नसलेल्या, फवाऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. कॅन्सर बरा होतो, हा दावा तर प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा आहे. माणसात तसं सिद्ध झालेलं नाही.

आता मी एक विचारतो. मोठेबाबांना मॉर्फिन का सुरू केलेलं नाही?

पऱ्हाटी

मॉर्फिन? ते तर अगदी शेवटी देतात ना? त्यानं माणूस झोपेतच जातो असं ऐकून आहे. आम्हाला कोणी नावही काढलं नाही.

डॉ_झाडीपट्टी

हीच तर रड आहे. शेवटी द्यायचं असं काही नाही, दुखणं जोराचं असेल तेव्हा द्यायचं. थोडक्यापासून सुरू करून दुखण्याच्या मापानं वाढवलं तर माणूस त्यानं मरत नाही, जेवायला-बोलायला लागतो. बद्धकोष्ठता मात्र हमखास होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला लागतं. डोस इथं सांगणार नाही, विचारूही नका. गिळायला त्रास असेल तर गोळी साधी आहे की हळूहळू विरघळणारी, हे देणाऱ्याला विचारून घ्या. हळू विरघळणारी कुटून द्यायची नसते. सगळा डोस एकदम अंगात जातो.

वकील_अचलपूर

कायद्याचं मी सांगतो. अंमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस, १९८५ चा. त्यात "गांजा" म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय नुसती पानं नि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. विजयाचे अर्क याच फटीतून बाजारात आले. पानं आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यात बसतात, पण ती विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत; म्हणून बाटलीवर देखरेखीची ओळ. बियांना नि बियांच्या तेलाला २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. त्या तेलात नशेचा भाग जवळजवळ नसतो, त्यामुळे ते दुखण्यावर म्हणून विकत असतील तर ती निव्वळ फसवणूक आहे.

पऱ्हाटींची बाटली खरोखर परवान्याची आणि पानांच्याच अर्काची असेल तर बिल नि चिठ्ठी जपून ठेवा. पानांचा अर्क म्हणून आत शेंड्यांचा माल असेल, तर लेबल तुम्हाला वाचवणार नाही. शिवाय नुसती भांगही महाराष्ट्रात मोकळी नाही, तिला १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो.

चिलमीचा विचार डोक्यातून काढा. एक किलोपर्यंतचा गांजा "अल्प प्रमाण". एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलं की कमीत कमी दहा वर्षं, आणि जामीन महाकठीण. "औषधासाठी नेत होतो" असा बचाव चालत नाही.

काळी_कसदार

वकीलसाहेब, तुमी पिनाऱ्याचं सांगतलं, पिकवनाऱ्याचं सांगा. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साली ५३२८ होता, पन मंडीत व्यापारी मूठभर दाने हातावर घेते, "ओल हाय" म्हनते अन् भाव पाडते. कापसाले बोंडअळी खाते. २०२१ मध्ये सोलापूरकडच्या मोहोळ तालुक्यातल्या एका कास्तकारानं कलेक्टरले अर्जच देल्ला होता, दोन एकरात गांजा लावू द्या म्हनून. लोक हासले. मी नाई हासलो. औषधाच्या नावानं का होईना, परवानगी भेटली तर कास्तकाराचं भलं होईन की नाई?

वकील_अचलपूर

लागवडीला "अल्प प्रमाण" ही सूटच नाही. तुरीच्या ओळीत लपवलेलं असो की धुऱ्यावरचं एक झाड असो, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला आधी उचलतात. मक्त्यानं वावर देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

पण दार पूर्ण बंद आहे असंही नाही. याच कायद्याचं कलम १० राज्य सरकारला लागवडीचे नियम करायचा अधिकार देतं, आणि धाग्यासाठी-बियांसाठी सरकार कलम १४ खाली परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडानं २०१८ मध्ये भांगेच्या धाग्यासाठी परवाने द्यायला सुरुवात केली. त्या झाडात नशेचा भाग ०.३ टक्क्यांपेक्षा कमी लागतो. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत औषधासाठी संशोधन चालू आहे. आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत कडक अशा चौथ्या यादीतून काढलं, तेव्हा ठराव २७ विरुद्ध २५ असा जेमतेम निघाला. भारतानं बाजूनं मत दिलं होतं, हे पुष्कळांना माहीत नाही. पहिल्या यादीत मात्र गांजा अजून आहे, त्यामुळे तिथलं नियंत्रण तसंच आहे.

आर्वीकर

काळी_कसदार, माझा साळा नीमचकडे नोकरीला होता. तिकडे अफूची शेती सरकारी परवान्यानं होते. नारकोटिक्स ब्यूरोचे लोक येऊन वावर मोजतात. ठरलेल्या मापापेक्षा उतारा कमी आला की पुढच्या साली परवाना धोक्यात. सगळा माल सरकारलाच द्यायचा, भाव सरकारचा. गारपीट झाली तर अर्ज करून उभं पीक त्यांच्यासमोर मोडायचं. औषधी गांजा आला तर तो असाच येईल. कुंपण, कॅमेरे, प्रयोगशाळेचे दाखले. त्यात पैसा कंपनीचा होईल. आपण कापसात जिथं आहोत तिथंच राहू.

काळी_कसदार

म्हनजे तिथंबी आपलंच मरन. बराय.

वऱ्हाडवाचक

थोडा इतिहास. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये गांजा-भांगेवर मोठा आयोग नेमला होता. ११९३ साक्षी, सात खंडांचा अहवाल. निष्कर्ष असा की बेतानं घेणाऱ्यांचं फारसं नुकसान दिसत नाही, बंदी नको, परवाने नि कर लावा. तेव्हाच्या मध्य प्रांताला, म्हणजे आपल्या नागपूर, वर्धा, भंडारा, चांद्याला, गांजा पुरवायचं निमाड, खंडव्याकडचं. त्याच्याही आधी, १८३९ मध्ये, कलकत्त्याच्या ओशॉनेसी या डॉक्टरनं धनुर्वातावर नि पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगावर भांगेचा अर्क वापरून पाहिला. तो रेबीजचा रोगी वाचला नाही, पण त्याचे हाल कमी झाले, असं त्यानं लिहून ठेवलंय. युरोपच्या औषधशास्त्रात हे झाड गेलं ते आपल्याकडून. १९८५ मध्ये आपणच ते कुलूपबंद केलं, तेही बाहेरच्या दबावानं. याचा विचार कोण करणार?

डॉ_झाडीपट्टी

ओशॉनेसी माझाही आवडता आहे. प्रयोग नीट लिहून ठेवणारा माणूस. पण १८९४ च्या आयोगाकडे टीएचसी मोजायचं साधन नव्हतं. आजचा माल त्या काळच्या मानानं किती कडक आहे, याचं उत्तर तो अहवाल देऊ शकत नाही.

रानजाई_गडचिरोली

मी बचत गटात काम करते, आणि तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात एक माणूस मला दिसलाच नाही: ज्याच्या घरात नशा येते ती बाई.

आमचा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा. बायांनी भांडून घेतलेली बंदी आहे ती. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठवली. बंदीत चोरटी दारू येते हे मलाही दिसतं, आम्हीच ती पकडतो. तरी सरकारी दुकान दारात नसणं यानं फरक पडतो, हा आमचा अनुभव. उद्या "औषधी" गांजाचं दुकान तालुक्याला उघडलं तर चिठ्ठी कशी मिळेल हे पऱ्हाटींनीच वर लिहिलंय. वय विचारलं, वजन विचारलं, झालं.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा अकरावीपासून ओढायचा. आता त्याला आवाज ऐकू येतात, आई जेवणात विष घालते म्हणतो. डॉक्टर म्हणाले आजार कदाचित आलाही असता, पण गांजानं तो लवकर आणला. त्या घराला "बेतानं घेतलं तर नुकसान नाही" हे कोण ऐकवणार?

वऱ्हाडवाचक

ताई, दुःख समजतं. पण दारूनं जेवढी घरं बसली तेवढी गांजानं नाहीत. एम्सच्या २०१९ च्या सर्वेक्षणात दारू पिणारे १६ कोटी, भांग-गांजा-चरसवाले ३.१ कोटी. यातली दारू कायदेशीर.

रानजाई_गडचिरोली

दादा, म्हणजे कायदेशीर केलेलं पाचपट पसरलं. आकडा तुम्हीच दिला.

वऱ्हाडवाचक

असा सरळ हिशेब निघत नाही हो ताई. पण हे भांडण आपण चहावर करू.

डॉ_झाडीपट्टी

रानजाई, त्या मुलाच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं. कोवळ्या वयात, रोज आणि कडक माल, या तिन्ही गोष्टी जमल्या की वेड लागण्याचा धोका वाढतो. घरात कोणाला तसा आजार असेल तर जास्तच. ओढणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला सवय सुटत नाही.

सिपनाकाठ

मी धारणीकडची. मुलगा सात वर्षांचा, वजन २० किलो. मिरगीचे झटके औषधांना दाद देत नाहीत. वर डॉक्टरांनी सीबीडीचं लिहिलं म्हणून विचारते. मला एकीनं अशीच बाटली सुचवली आहे, तीवर "एकूण अर्क १५०० मिग्रॅ" लिहिलंय. सध्या व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम चालू आहे. द्यावं का?

डॉ_झाडीपट्टी

ताई, तुमच्यासाठी विषय वेगळा आहे, कारण इथं पुरावा खरा आहे. २०१७ मध्ये ड्रॅव्हे नावाच्या मिरगीच्या १२० मुलांवर चाचणी झाली. सीबीडी दिलेल्या गटात महिन्याच्या मोठ्या झटक्यांचा मध्यम आकडा १२.४ वरून ५.९ वर आला. नकली औषधाच्या गटात १४.९ चा १४.१ राहिला. पण गुंगी, जुलाब, लिव्हरच्या तक्रारीही औषधाच्याच गटात जास्त होत्या. आणि ही मिरगी ठरावीक प्रकारची, सगळ्यांना लागू नाही.

आता तुमच्या बाटलीचा हिशेब करा. त्या शुद्ध औषधाची नेहमीची मात्रा किलोमागे रोज १० मिलिग्रॅम धरली, तर २० किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम. बाटलीतला सगळाच्या सगळा अर्क सीबीडी असता तरी ती आठवडाभरात संपली असती. आणि तो सगळा सीबीडी नाही. पानांच्या अर्कात टीएचसीही असतं, ते या वयाच्या मेंदूला नको. शिवाय सीबीडीनं क्लोबाझामचा असर वाढून मूल झोपाळतं, आणि व्हॅल्प्रोएटबरोबर लिव्हरवर ताण येतो, रक्त तपासत राहावं लागतं. त्यामुळे ही बाटली नको. चालू औषध स्वतःहून कमी तर मुळीच करू नका, झटके उसळतात. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना थेट विचारा: मिरगीचा प्रकार नेमका कोणता, आणि शुद्ध सीबीडी याला लागू आहे का.

सिपनाकाठ

प्रकार कोणता हे आजवर कोणी सांगितलंच नाही. विचारते. धन्यवाद सर.

संपादक मंडळ

"घरपोच शुद्ध तेल, हमखास गुण" असा मजकूर आणि मोबाइल नंबर टाकणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. पुन्हा दिसले तर खातं बंद होईल.

पऱ्हाटी

उशिरा लिहितोय, धावपळीत होतो.

डॉक्टरसाहेबांचं वाचून तालुक्यातली मेडिकलची दुकानं फिरलो. मॉर्फिन म्हटलं की दुकानदार आधी माझ्याकडे पाहतो, मग शटरकडे. "ते आम्ही ठेवत नाही." ग्रामीण रुग्णालयात नर्सबाई भल्या होत्या, म्हणाल्या इथं नाही, जिल्ह्याला विचारा. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी दुखणं हलकं करणारी, ओपीडी सापडली. डॉक्टरीणबाईंनी मोठेबाबांना बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. गोळ्या मिळाल्या, साध्या, चुरून पाण्यातून देता येणाऱ्या. जोडीला पोटाचं औषध. वहीत वेळ नि दुखणं दहापैकी किती ते लिहायला सांगितलं. पहिल्या रात्री आठ लिहिलं होतं. आता तीन-चारवर आहे. सुरुवातीला गुंगी होती, ती ओसरली. परवा काकूला म्हणाले, वरणात मीठ कमी आहे.

तेलाच्या बाटलीचं त्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, आत किती काय आहे कळत नाही, मॉर्फिनवर हे चढलं तर गुंगी वाढेल, देऊ नका. विषय मिटला.

आता या चर्चेच्या मूळ प्रश्नावर माझं मत. औषधी गांजाला माझा विरोध नाही. सिपनाकाठताईंच्या मुलाला लागू पडत असेल तर ते शुद्ध, मोजून, सरकारी दवाखान्यातून मिळालं पाहिजे. थायलंडनं जून २०२२ मध्ये सरसकट मोकळं केलं आणि जून २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणलं. आधी दुकान नि मग नियम असं केल्यावर हेच होणार. पण मला राग वेगळ्याचा आहे. अफू आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात सरकारी परवान्यानं पिकते. २०१४ मध्ये एनडीपीएस बदलून मॉर्फिनचा मार्ग सोपा केला. एवढं असून कॅन्सरचा माणूस तालुक्यात त्या गोळीवाचून तडफडतो, आणि त्याच्या घरच्यांना साडेतीन हजारांची बाटली मात्र पोस्टानं दारात येते. जे औषध कायद्यात बसतं, सिद्ध आहे, तेच आपण खेड्यापर्यंत नेऊ शकलो नाही. मग गांजाचं धोरण आलं तरी ते कोणाच्या दारी येईल, सांगा.

डॉ_झाडीपट्टी

२०१४ च्या बदलानंतर संस्थेला "मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था" असा एकच दाखला लागतो, राज्याच्या औषध नियंत्रकाकडून. पूर्वी चार-पाच परवान्यांची माळ होती. पण तिथं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, साठ्याचं रजिस्टर हवं, वर्षाचा अंदाज कळवायला हवा. गोळी स्वस्त, त्यात कोणाला नफा नाही, आणि हिशेबात एक गोळी चुकली तर जबाबदारी डोक्यावर. म्हणून कोणी पुढे होत नाही. आमच्याकडचा अर्ज मी भरायला घेतलाय. किती फिरवतात बघू.

रानजाई_गडचिरोली

नशाबंदीवाली असून सांगते, या गोळीला आमचा विरोध नाही. आरोग्य सभेत मी हा विषय मांडते. आशाताईंना तरी माहीत पाहिजे की अशी ओपीडी असते.

चिलीमबहाद्दर

माह्या सासऱ्याले घशाचा हाय. दर्यापूरकडून जवळ कुठं भेटन? कागद काय काय लागतात?

डॉ_झाडीपट्टी

आधी अमरावतीला जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर कुठं बसतं ते विचारा. डिस्चार्ज कार्ड, गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि रुग्णाचं आधार कार्ड न्या. रुग्णाला हलवणं कठीण असेल तर आधी घरचा जाणता माणूस कागद घेऊन गेला तरी चालेल का, ते फोनवर विचारून घ्या. आणि सासऱ्यांची चिलीम चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. डोस ठरवताना ते लागतं.

चिलीमबहाद्दर

सांगतो. सोमवारी जातो.